एकदाच ऐकवलं जाईल

दरवर्षी थंडीच्या तोंडाशी, बहुधा नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी, दुपारी 1 वाजून 5 मिनिटांनी दक्षिण कोरियाचं आकाश गप्प होतं. इंचॉन, गिंपो, बुसान, जेजू, सगळीकडची विमानं असतील तिथे थांबतात. जी आधीच हवेत असतात त्यांनी 3 किलोमीटरच्या वर राहून घिरट्या घालायच्या, खाली उतरायचं नाही, ढगांना सोबत करत तिष्ठत राहायचं. लष्करही तोफांचा सराव तेवढ्यापुरता आवरतं. 1 वाजून 40 मिनिटांनी पुन्हा सगळं सुरू. ही 35 मिनिटं कुणा थोर पुरुषाच्या स्मृतीची नसतात, शोकाची नसतात, युद्धाची तर नसतातच. गावोगावच्या शाळांमधून सुमारे 5 लाख मुलं त्या वेळी बाकांवर बसून स्पीकरमधून येणारं इंग्रजी ऐकत असतात, आणि त्यांच्या कानांत दुसरं काही शिरू नये एवढ्यासाठी अख्ख्या देशानं पायातल्या चपला काढून हातात घेतलेल्या असतात.

या परीक्षेला तिथे सुनुंग म्हणतात. 1993 साली ती सुरू झाली आणि विद्यापीठाच्या दाराची मोठी किल्ली तेव्हापासून तिच्याच कनवटीला आहे. सकाळी 8 वाजून 40 मिनिटांनी मातृभाषेचा पेपर, मग गणित, मग डबा, आणि डबा खाऊन डोळ्यांवर झापड येण्याच्या नेमक्या मुहूर्तावर, 1 वाजून 10 मिनिटांनी, इंग्रजी. त्या दिवशी कचेऱ्या उशिरा उघडतात, शेअर बाजारही तासभर जास्त झोपून 10 वाजता जागा होतो, कारण सकाळचा रस्ता आधी मुलांचा. कुणाला उशीर झालाच तर पोलीस त्याला मोटारसायकलवर मागे बसवून केंद्रावर नेऊन सोडतात. आपल्याकडे एखादा मुलगा पोलिसाच्या गाडीवरून जाताना दिसला तर गल्लीला महिनाभर पुरेल इतका मजकूर तयार होईल. परीक्षेआधी मुलांना चिकट मिठाई भेट देतात, म्हणजे यश त्यांना चिकटून राहावं. शेवाळाचं सूप मात्र त्या सकाळी कुठल्याच शहाण्या घरात शिजत नाही. ते बुळबुळीत, त्यावरून पोराचा पाय घसरायचा. हे वाचून हसू येतं खरं, पण पेपरला निघताना ज्यांच्या तळहातावर आईनं दहीसाखर ठेवलेली आहे, त्यांनी फार मोठ्यानं हसू नये.

देगू शहराजवळच्या पालगोंग डोंगरावर गातबावी नावाची एक दगडी बुद्धमूर्ती आहे. तिच्या डोक्यावर सपाट शिळा आहे आणि ती पदवीदानाच्या टोपीसारखी दिसते. त्या टोपीवर भरवसा ठेवून आया शेकडो पायऱ्या चढून वर जातात. मुलगा खाली शहरात इंग्रजी ऐकतो आहे आणि आई वर डोंगरावर मनातलं पुटपुटते आहे, अर्थात कोरियनमध्ये. बिचाऱ्या बुद्धाला एकाच वेळी कितीतरी आयांचं ऐकायचं असतं, आणि त्याला खाली पाच पर्यायही दिलेले नसतात. तरीही सगळं आवाक्यात राहतं असं नाही. 15 नोव्हेंबर 2017 रोजी पोहांगला भूकंप झाला आणि दुसऱ्या दिवशीची परीक्षा आठवडाभर पुढे गेली. विमानांना थांबवता येतं, जमिनीला आधी सांगून ठेवता येत नाही.

एवढा शांततेचा सरंजाम मांडल्यावर त्या स्पीकरमधून येतं तरी काय? इंग्रजीच्या 45 प्रश्नांपैकी पहिले 17 ऐकण्याचे. एखाद्याला वाटेल, शेक्सपिअरचा एखादा उतारा असेल, निदान एखादं गंभीर भाषण तरी. तर तसं काही नाही. एक बाई दुकानात जाते, दोन टी-शर्ट घेते, एक टोपी घेते, तिच्याजवळ 10 टक्के सवलतीचं कूपन असतं, आणि शेवटी तिनं किती पैसे दिले ते आपण सांगायचं. कुणी मैत्रिणीला आपल्या खोलीचं वर्णन करून सांगतो, खिडकीखाली गिटार, जमिनीवर गोल गालिचा, आणि कागदावरच्या चित्रात यातलं काय जुळत नाही ते हेरायचं. कुणी कुणाला शनिवारच्या कार्यक्रमाला बोलावतं आणि समोरचा फार दिलगिरीनं सांगतो की त्याला जमणार नाही. का जमणार नाही, ते ओळखायचं. इतक्या वर्षांत या कागदी जगात शनिवारी कुणी कुठे गेलेलं दिसत नाही. समजा, एखाद्या वर्षी त्यानं कारण दिलं की मला आईला आणायला विमानतळावर जायचंय, तर वर्गातली सगळी मुलं मनात म्हणतील, बाबा रे, घाई करू नकोस, तिचं विमान आमच्यासाठीच वर फिरतंय.

या ध्वनिमुद्रणांतली माणसं मला फार आवडतात. इतकी सभ्य माणसं जगात इतरत्र कुठे राहत असतील असं वाटत नाही. एकाचं वाक्य पुरं झाल्याशिवाय दुसरा बोलत नाही. कुणाच्या तोंडात घास नसतो, कुणाला ठसका लागत नाही, कुणाच्या मागे कुकरची शिट्टी होत नाही. बाई दुकानदाराशी घासाघीस करत नाही, कूपन दाखवते आणि आभार मानते. हरवलेली छत्री त्यांना तिसऱ्या वाक्यात सापडते. त्यांच्या जगात मरण नाही, कर्ज नाही, सासू नाही. आहे ती फक्त ग्रंथालयाची बदललेली वेळ आणि पावसामुळे पुढे ढकललेली सहल. देवांचं अमृत संपलं तरी यांचं सौजन्य संपणार नाही. आणि एका कधीच नसलेल्या बाईला कधीच नसलेल्या टोपीवर किती सूट मिळाली, हे नीट ऐकू यावं म्हणून खरीखुरी, माणसांनी भरलेली विमानं आभाळात गोल गोल फिरत असतात. यात एक फार हळुवार वेडेपणा आहे.

जपाननं हाच पेच दुसऱ्या बाजूनं सोडवला. तिथल्या सामायिक प्रवेशपरीक्षेत 2006 साली इंग्रजी ऐकण्याचा पेपर आला आणि प्रत्येक मुलापुढे हातात मावेल एवढं एक ध्वनियंत्र आणि इयरफोन ठेवले गेले. हल्ली या पेपरची वेळ 60 मिनिटं धरतात, पण त्यातली प्रत्यक्ष ऐकून उत्तरं लिहिण्याची 30. उरलेला वेळ यंत्र नीट बोलतंय ना ते पाहण्यात, आवाज जुळवण्यात आणि सूचना पाळण्यात जातो. म्हणजे कोरियानं देशाच्या ओठांवर बोट ठेवलं, आणि जपाननं मुलाच्या कानाला दार बसवून आतून कडी लावली. दुसरी युक्ती स्वस्त आहे, सुटसुटीत आहे, विमान कंपन्यांनाही परवडणारी आहे. तरी माझं मन कोरियाकडे झुकतं. तिथे मुलाला ऐकू यावं म्हणून बाहेरच्या कुणाला तरी काहीतरी सोडावं लागतं. 3 किलोमीटर उंचीवरच्या त्या वैमानिकाला ठाऊक असतं की खाली एक मुलगी टोपीची किंमत मोजते आहे आणि आपण या घडीला तिच्यासाठी फक्त एक न झालेला आवाज आहोत.

हे विमानांचं मला सांगितलं ते माझ्या भाचीनं. ती पुण्यात वडगाव शेरीला राहते आणि परदेशातल्या विद्यापीठासाठी आयेल्ट्सची तयारी करत होती. त्या परीक्षेतही ऐकण्याचे 40 प्रश्न असतात, साधारण अर्ध्या तासाचं ध्वनिमुद्रण, चार भागांत, आणि तेही एकदाच ऐकवतात. बोलणारे कधी इंग्रज, कधी ऑस्ट्रेलियन, आणि सगळे किंचित घाईत. एक माणूस फोनवर आपलं आडनाव अक्षर अक्षर सांगतो, मग नंबर सांगतो, त्यात मध्येच डबल फोर येतो, मग म्हणतो मंगळवारी या, आणि आपण मंगळवार लिहीत असतानाच म्हणतो, छे छे, बुधवारी. भाची कानांना हेडफोन लावून या माणसाच्या मागे मागे पेन्सिल घेऊन धावत असे. नेमक्या त्याच वेळी लोहगावच्या तळावरून एखादं सुखोई उठे आणि खिडकीची तावदानं दातांसारखी वाजू लागत. ध्वनिमुद्रण थांबवायचं, विमान जाऊ द्यायचं, मग पुन्हा मागे जाऊन ऐकायचं. एकदा तावदानं शांत व्हायची वाट बघत ती म्हणाली, "मामा, तुला माहितीये, कोरियात अशा वेळी विमानं बंद ठेवतात." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. स्वर्गात दूधभाताच्या नद्या वाहतात हे लहान मूल ज्या समाधानानं सांगतं, तसं ते सांगणं होतं. तेवढ्यात आतून ताईनं विचारलं, "काय गं, कुणाला बंद ठेवतात?" आणि सुखोईनं मध्येच खाऊन टाकलेलं ते वाक्य आम्हाला पुन्हा, मोठ्यानं, सुरुवातीपासून सांगावं लागलं.

खरं तर ऐकून समजण्याच्या बाबतीत मराठी माणसानं कुणाकडून शिकवणी घ्यावी अशी परिस्थिती नाही. एसटी स्टँडवरची घोषणा ज्याला कळते, त्याला जगातली कुठलीही ध्वनिफीत कळायला हरकत नाही. वरून कर्ण्यातून एक खर्जातला घरघराट येतो, त्यात मध्येच 'फलाट क्रमांक' एवढं स्पष्ट उमटतं, मग आकडा वाऱ्यावर जातो, मग 'विनावाहक', मग एक खरखर आणि शेवटी 'धन्यवाद'. बाकावरची चार माणसं एकमेकांकडे बघतात. "काय म्हणाला?" "सातारा म्हणाला वाटतं." "छे हो, सांगोला." मग लाल पिशवी घेतलेल्या आजी, ज्यांनी वर बघितलेलंसुद्धा नसतं, शांतपणे सांगतात, "सांगलीची लागलीय, सहावर." आणि ती खरोखरच सहावर लागलेली असते. हा पेपर सोडवायची आपली रीत अशी आहे. एकाला आकडा ऐकू येतो, दुसऱ्याला गाव, तिसऱ्याला वेळ, आणि चौघांचं ऐकणं एकत्र केलं की एक गाडी मिळते. परीक्षेच्या दालनात नेमकं हेच केलं तर त्याला कॉपी म्हणतात आणि पेपर काढून घेतात. त्या मुलाला काय म्हणाला असं शेजारच्याला विचारता येत नाही, बोलणाऱ्याला परत एकदा सांगा म्हणता येत नाही. सुनुंगच्या 17 प्रश्नांपैकी शेवटच्या दोन प्रश्नांचं बोलणं तेवढं दोनदा ऐकवतात. बाकी सगळं एकदाच. माणसाच्या ऐकण्यातलं जे सगळ्यात माणसासारखं आहे, म्हणजे पुन्हा विचारणं, तेवढंच नेमकं काढून घेऊन मग त्याची परीक्षा घेतात.

मला पहिली ऐकण्याची परीक्षा आठवते ती घरातल्या रेडिओसमोरची, आणि परीक्षार्थी होते आमचे वडील. 1977-78 च्या थंडीत बेदीचा क्रिकेट संघ ऑस्ट्रेलियात गेला होता. तिथली सकाळ म्हणजे आपली पहाट. वडील स्वेटर घालून, कानटोपी एका कानावरून वर सारून, शॉर्टवेव्हचा काटा केसाएवढा सरकवत बसलेले असत. समालोचक ॲलन मॅकगिल्व्हरेचा आवाज हिंदी महासागर ओलांडून, भरतीओहोटीसारखा चढत-ओसरत यायचा. नेमका चेंडू टाकला जाई तेव्हा ओहोटी लागे, आणि आवाज परत येई तोवर टाळ्या वाजत असत. त्या टाळ्या आपल्या गोलंदाजासाठी की त्यांच्या फलंदाजासाठी, हे लोकांच्या ओरडण्याच्या पट्टीवरून ताडायचं. वडील उजवा हात नुसता वर उचलत आणि सगळं घर थांबे. आम्ही पांघरुणात श्वास रोखून. आणि स्वयंपाकघरात आई, जिला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं, ती फरफरणाऱ्या स्टोव्हची चावी सोडून तो विझवून टाकी. पुन्हा पेटवायचा म्हणजे पिन, काकडा, पंप, सगळी यातायात. चहा लांबे. ती कधी कोण बाद झालं हेही विचारत नसे. मेलबर्नला चंद्रशेखरनं 12 बळी घेऊन कसोटी जिंकून दिली, त्या विजयाच्या इतिहासात विझलेल्या स्टोव्हची नोंद कुठे नाही. पण आमच्या घरातला विमानतळ तिनं बंद ठेवला होता म्हणून तो विजय आमच्यापर्यंत पोचला.

पुढे वडिलांचे कान गेले, म्हणजे हळूहळू मावळले. म्हातारपणात आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. स, श, फ, थ ही हलक्या पावलांची अक्षरं पहिल्यांदा घर सोडतात, स्वर बराच काळ मागे राहतात. त्यामुळे शब्द त्यांच्यापर्यंत पोचत, पण पुसट शिक्क्यासारखे. "चहात साखर घालू?" असं विचारलं की ते म्हणत, "भाकर नको, भूक नाही." उत्तर व्याकरणात बसणारं, सभ्य, आणि दुसऱ्याच प्रश्नाचं. समोरच्याच्या चेहऱ्यावरून ते चुकल्याचं ओळखत, मग पुढचा पर्याय निवडत. तोही चुकला तर हसत. हसणं हा त्यांचा पाचवा पर्याय होता आणि तो बहुतेक ठिकाणी चाले. भाचीच्या क्लासमध्ये सांगत, प्रत्येक शब्दामागे धावू नका, महत्त्वाचे शब्द पकडा, बाकीचं संदर्भावरून लावा. आजोबांनी हे कुठल्याही क्लासशिवाय साधलं होतं. ते रोज सकाळपासून रात्रीपर्यंत हाच पेपर सोडवत होते. त्याचे गुण कुणी देत नव्हतं आणि त्यातून कुठल्या विद्यापीठात प्रवेशही मिळणार नव्हता.

त्यांना बिनचूक ऐकू येई ते एकाच माणसाचं. घरातले बाकीचे सगळे ओरडत, शेजारी ओरडत, बँकेतला कारकून तर काचेपलीकडून अख्ख्या बँकेला त्यांची शिल्लक कळवी. आई ओरडत नसे. ती उठून त्यांच्या समोर येई, त्यांची नजर आपल्याकडे वळेपर्यंत थांबे, आणि मग नेहमीच्याच आवाजात, जरा सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोले. आमच्या बोलण्याचंही भाषांतर ती असंच करी, मराठीतून मराठीत. वडील ऐकून घेत आणि आमच्याकडे वळून उत्तर देत, जणू प्रश्न आम्हीच नीट विचारला होता. आवाजाची पट्टी तीच, शब्द तेच, फरक एवढाच की ते पोचेपर्यंत ती तिथे उभी राहत असे. कानतज्ज्ञही ऐकू कमी येणाऱ्यांशी बोलताना हेच करायला सांगतात. समोर या, ओठ दिसू द्या, भोवतीचे आवाज बंद करा, सावकाश बोला. आईनं शेवटची इयत्ता चौथी पाहिली होती.

म्हणून मला वाटतं, कोरियातल्या त्या 35 मिनिटांत खरी परीक्षा मुलांची नसतेच. मुलं बिचारी गेली कित्येक वर्षं रात्र रात्र बसून तयार झालेली असतात. परीक्षा असते ती मोठ्यांची, त्यांना गप्प बसता येतं की नाही याची, आणि देश म्हणून ते दरवर्षी उत्तीर्ण होतात. आपल्याकडेही 2000 सालापासून नियम आहेत. रुग्णालय, शाळा आणि न्यायालयाभोवती 100 मीटरचं शांतता क्षेत्र, रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक बंद. पाट्याही लावलेल्या आहेत. त्या पाटीसमोर गाड्या थांबतात आणि पुढच्याला पाटी नीट वाचता यावी म्हणून मागचे हॉर्न वाजवतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावी-दहावीच्या परीक्षा येतात, नेमक्या त्याच सुमारास लग्नसराईही येते, आणि हळदीच्या रात्रीचा डीजे पहाटेपर्यंत अभ्यासाला बसलेल्या पोरांची उजळणी घेतो. आभाळ थांबवणं आपल्याला जमेल असं नाही, आणि कुणी तसा अध्यादेश काढलाच तर त्याच्या स्वागताला आपण ढोल-ताशा लावू.

तेव्हा मोठ्या गोष्टी राहू द्या. शेजारच्या घरात उशिरापर्यंत दिवा जळताना दिसला तर आपल्या टीव्हीचा आवाज चार घरं खाली आणा. आणि घरातलं कुणी म्हातारं माणूस आपण एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा विचारील, तेव्हा जागचं उठा, समोर जा आणि दुसऱ्यांदा सांगा. आवाज थोडा वाढवायला हरकत नाही. चढवू मात्र नका.